बातमीमागचा माणूस

भेळ खाऊन संपते, पण भेळेचा कागद कधीकधी हातातच राहतो. तो कुठल्या तरी जुन्या वर्तमानपत्राचा फाटका तुकडा असतो. तेलाच्या डागांतून आपण त्यावरील दोन ओळी वाचतो, मग आणखी चार वाचतो, आणि कागद जेथे फाटला असेल तेथे येऊन थबकतो. त्या माणसाचे पुढे काय झाले असेल, ही रुखरुख घरी पोहोचेपर्यंत मनातून जात नाही.

मुलांनो, असा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना आला असेल. त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला एखाद्या मंत्र्याचे भाषण असते, सोन्याचांदीचे भाव असतात, कुठल्याशा परिषदेत संमत झालेले ठराव असतात. ज्या दिवशी ते छापले गेले, त्या दिवशी त्यांना महत्त्व होते. आज ते उरलेले नाही. मग त्या अनोळखी माणसाची हकीकतच तेवढी शिळी का झाली नाही?

वर्तमानपत्राच्या कचेरीत अशा मजकुराला 'फीचर' म्हणतात. काय घडले, कोठे घडले, केव्हा घडले, हे बातमी सांगते. ते ज्याच्या वाट्याला आले, त्या माणसापाशी फीचर जाऊन बसते. पुरात अमुक इतकी घरे पडली, ही बातमी झाली. त्यांपैकी एका घरातील आजीबाई पाणी ओसरल्यावर चिखलात सर्वांत आधी काय शोधू लागल्या, हे सांगू लागलात की फीचर सुरू झाले.

असा लेख मनाला का भिडतो? विषय दुःखाचा असतो म्हणून, की लेखकाची भाषा अलंकारिक असते म्हणून? या प्रश्नाचा विचार करताना जगभरचे वार्ताहर आजही एका लेखाची आठवण काढतात. तो लेख १९६३ सालचा आहे.

त्या वर्षी २२ नोव्हेंबरला, शुक्रवारी, अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा डॅलस शहरात गोळ्या झाडून खून करण्यात आला. ते अवघे ४६ वर्षांचे होते. सोमवारी, २५ तारखेला, राजधानी वॉशिंग्टनच्या शेजारी आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत त्यांचा अंत्यविधी व्हावयाचा होता. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आले होते, इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी आले होते. देशोदेशींचे प्रधान आणि राजपुरुष जमले होते. वार्ताहरांची तर रीघ लागली होती. जो तो मिरवणुकीविषयी, तोफांच्या सलामीविषयी, काळ्या पोशाखातील श्रीमती केनेडींविषयी लिहिणार, हे उघडच होते.

'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून' या वर्तमानपत्राचे लेखक जिमी ब्रेस्लिन हेही त्या गर्दीत होते. सगळे जेथे उभे आहेत तेथेच आपणही उभे राहिलो, तर सगळ्यांना दिसेल तेच आपल्याला दिसेल, हे त्यांनी ओळखले. म्हणून ते अध्यक्षांची कबर खणणाऱ्या माणसाच्या शोधात निघाले.

त्या माणसाचे नाव क्लिफ्टन पोलार्ड. वय ४२. वॉशिंग्टनमध्ये तीन खोल्यांचे बिऱ्हाड. रविवारी सकाळी उठल्यावर त्यांनी कामाचे खाकी कपडे अंगात घातले आणि मग ते न्याहारीला बसले. सुट्टीचा वार असला, तरी आज आपल्याला बोलावणे येणार, अशी त्यांची जवळजवळ खात्री होती. पत्नीने अंडी करून दिली होती. ती खात असतानाच दूरध्वनी वाजला. पलीकडे दफनभूमीतील त्यांचे मुकादम होते. अकरापर्यंत येऊ शकाल का, असे त्यांनी विचारले. कशासाठी, ते सांगण्याची गरज नव्हती. रविवारी बोलावल्याबद्दल दफनभूमीच्या अधीक्षकांनी दिलगिरी दाखविली, तेव्हा पोलार्ड म्हणाले की, असे म्हणू नका, हे काम करावयास मिळणे हा तर आपला बहुमान आहे.

कबर खणावयाची होती ती कुदळीने नव्हे, यंत्राने. आज आपण ज्याला सरसकट 'जेसीबी' म्हणतो, त्याच जातीचे ते माती उपसण्याचे यंत्र होते. पोलार्ड ते चालवीत होते. यंत्राने पहिली माती वर आणली, तेव्हा ती पाहून दफनभूमीचे अधीक्षक म्हणाले की, माती चांगली आहे. पोलार्ड यांच्या मनात आले, की यातली थोडी बाजूला काढून ठेवावी. यंत्राच्या चाकांनी हिरवळीवर चाकोऱ्या पडल्या होत्या. त्या या मातीने भरून काढाव्यात, तेथे पुन्हा चांगले गवत यावे आणि सगळे नीटनेटके दिसावे, असे त्यांना वाटत होते.

या कामाची त्यांना मजुरी होती ताशी तीन डॉलर आणि एक सेंट.

ब्रेस्लिन यांच्या लेखात यानंतर अंत्ययात्रा येते, श्रीमती केनेडी येतात, सारा शोकाकुल समाज येतो. पण लेख संपतो तो पुन्हा पोलार्ड यांच्यापाशीच. अध्यक्षांना मूठमाती दिली जात होती, त्या वेळी ज्यांनी ती जागा सिद्ध केली ते पोलार्ड तेथे नव्हते. त्याच दफनभूमीच्या दुसऱ्या भागात, टेकडीच्या पलीकडे, ते आणखी कबरी खणीत होते. मजुरी तीच, ताशी तीन डॉलर आणि एक सेंट. त्या कोणासाठी, हे त्यांना ठाऊक नव्हते. लागतील तेव्हा त्या तयार असाव्यात, एवढेच. अध्यक्षांच्या कबरीकडे जाण्याचा त्यांनी प्रयत्न केला होता. पण गर्दी फार होती, आणि पलीकडे जाता येणार नाही, असे एका सैनिकाने त्यांना सांगितले. तेव्हा ते परत येऊन कामाला लागले. सवडीने मागाहून जाऊन पाहून येईन, असे ते म्हणाले.

आता थोडे थांबून पाहा. या हकीकतीत 'दुःख', 'अश्रू', 'हृदय पिळवटून टाकणारे' असा एक तरी शब्द मला वापरावा लागला काय? ब्रेस्लिन यांनीही त्यांचा भरणा केलेला नाही. त्यांनी मजुरीचा आकडा सांगितला आणि तो दोनदा सांगितला. पहिल्या वेळी आपण तो नुसता वाचतो. दुसऱ्या वेळी मात्र आत काहीतरी हलते. एवढा मोठा दिवस येऊन गेला, तरी या माणसाचा तास तेवढ्याच मोलाचा राहिला, ही गोष्ट लेखकाने आपल्याला सांगितलेली नाही. ती आपली आपल्याला उमगली आहे. वाचकाने रडावे अशी इच्छा असेल, तर लेखकाने स्वतः रडत बसू नये. तो रडू लागला, की वाचक त्याची समजूत काढू लागतो आणि ज्याची गोष्ट आहे तो माणूस बाजूलाच राहतो.

कोणी विचारील, की अध्यक्षांच्या मृत्यूच्या लेखात अंड्यांच्या न्याहारीचे काय काम? काम आहे. कोणाच्या घरी मृत्यू झाला, म्हणजे आपल्याकडे शेजारची बाई पिठलेभात करून आणते. त्या घरातील मुले रडून रडून थकतात आणि मग जेवतात. मरण कितीही मोठ्या माणसाचे असो, त्या दिवशीही चुली पेटतात. न्याहारीचा उल्लेख वाचताना वॉशिंग्टनचे ते परके घर एकाएकी आपल्या ओळखीचे होऊन जाते. पण म्हणून हाती येईल तो बारीकसारीक तपशील लेखात कोंबावा, असे नाही. पोलार्ड यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीचा रंग कोणता होता, याचे आपल्याला काहीच करावयाचे नाही. दूरध्वनी येण्याआधीच त्यांनी कामाचे कपडे घातले होते, या एका गोष्टीतून मात्र सारा माणूस दिसतो.

आणखी एक गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. पोलार्ड या लेखात बिचारे नाहीत. ते आपल्या कामात वाकबगार आहेत. त्यांना मातीची पारख आहे, गवताची काळजी आहे, आपल्या कामाचा अभिमान आहे. आपल्याला त्यांची कीव येत नाही. त्यांच्याविषयी आदर वाटतो. गरिबांवर लिहिलेले कित्येक लेख येथेच फसतात. त्यांत माणूस नसतोच. फाटके कपडे आणि खोल गेलेले डोळे तेवढे असतात.

असे तपशील लेखकाला मिळतात तरी कोठून? विचारल्याने मिळतात. पण विचारणे ही सोपी गोष्ट नाही. अपघातात मूल गमावलेल्या आईसमोर ध्वनिवर्धक धरून "तुम्हांला काय वाटते?" असे विचारणारे वार्ताहर आपण पाहतो. या प्रश्नाला उत्तर नसते, आणि तो विचारणाऱ्याला ते नकोही असते. कसलेला वार्ताहर 'काय वाटले' असे क्वचितच विचारतो. 'तेव्हा किती वाजले होते', 'हातात काय होते', 'मग पुढे काय केलेत' असे साधे प्रश्न तो विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसतो.

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात १९५५ साली घडलेली एक हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. २८ फेब्रुवारीला त्या देशाच्या 'काल्दास' नावाच्या युद्धनौकेवरून आठ खलाशी समुद्रात फेकले गेले. सात जण बुडाले. लुईस आलेहांद्रो वेलास्को हा एकटा तराफ्यावर चढला आणि अन्नपाण्यावाचून दहा दिवस तरंगत राहून किनाऱ्याला लागला. देशाने त्याला डोक्यावर घेतले. त्याचे घड्याळ पाण्यात बंद पडले नाही, म्हणून घड्याळाच्या जाहिरातीतही तो झळकला. पुढे तो 'एल एस्पेक्तादोर' या वर्तमानपत्राच्या कचेरीत आपली कथा सांगावयास आला, तेव्हा ती सर्वांना तोंडपाठ होऊन गेली होती. तेथील एका तरुण वार्ताहराला ते काम देण्यात आले. त्यालाही त्यात नवे काही दिसत नव्हते. परंतु तो त्या खलाशासमोर बसला, आणि रोज सहा तास याप्रमाणे वीस बैठका बसला.

त्याने तासातासाचा हिशेब विचारला. तेव्हा निघाले, की शार्क मासे रोज सायंकाळी पाचच्या सुमारास, जणू घंटा वाजावी तसे, तराफ्याभोवती येत. खलाशाने भुकेने एक समुद्रपक्षी पकडला, पण तो त्याच्याने खाववला नाही. खिशात एका दुकानाची छापील कार्डे होती, ती त्याने चघळली. आणि असेच विचारता विचारता वादळाचा प्रश्न निघाला. वादळामुळे अपघात झाला, असे सरकारने जाहीर केले होते. खलाशी म्हणाला, वादळ नव्हतेच. नौकेच्या डेकवर चोरून आणलेली शीतकपाटे, दूरदर्शन संच आणि कपडे धुण्याची यंत्रे लादली होती. वाऱ्याने नौका कलली, तो माल सुटला आणि त्याच्याबरोबर माणसे समुद्रात गेली. एका माणसाची गोष्ट नीट विचारली, म्हणून सात माणसे कशाने मेली ते उजेडात आले. ही हकीकत १४ भागांत छापून आली. खलाशाला नौदल सोडावे लागले. पुढे काही महिन्यांनी हुकूमशाही सरकारने ते वर्तमानपत्रही बंद पाडले. त्या तरुण वार्ताहराचे नाव गाब्रिएल गार्सिया मार्केस. १९८२ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु मूळ लेखमालेवर त्यांचे नाव नव्हते. ती खलाशाच्याच तोंडून, त्याच्याच नावाने लिहिलेली होती.

मराठीत अशा प्रकारचे लेखन ज्यांनी मनापासून केले, त्यांत डॉ. अनिल अवचट यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. शिक्षणाने ते वैद्य. पण हमाल, विडी कामगार, भटक्या जमातींतील माणसे यांच्यामध्ये जाऊन राहणे, त्यांचे काम जवळून पाहणे आणि जे पाहिले ते साध्या शब्दांत लिहिणे, हाच त्यांचा खरा उद्योग झाला. त्यांचे 'माणसं' हे पुस्तक तुम्ही मोठे झाल्यावर अवश्य मिळवून वाचा. 'हमालांचे जीवन कष्टप्रद असते' या वाक्याने कोणाच्याही पाठीला कळ येत नाही. शंभर किलोंचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून चढताना पाय कोठे टाकावा लागतो, हे सांगितले की वाचणाऱ्याचाही श्वास अडखळतो.

येथे आपल्या भाषेची एक खोडही सांगून टाकतो. मराठीत मंत्री 'ते' असतात आणि हमाल 'तो' असतो. इंग्रजीत लिहिणाऱ्या ब्रेस्लिन यांना हा प्रश्नच पडला नाही; आपल्याला मात्र पहिल्याच वाक्यात तो सोडवावा लागतो. वर मी पोलार्ड यांना 'ते' म्हटले आहे आणि वेलास्को या खलाशाला 'तो' म्हटले आहे. खलाशी विशीतला होता, हे माझे कारण. ते तुम्हांला पुरेसे वाटते का, याचा विचार करा.

आता समजा, तुमच्या गावचे पोस्टमन सेवानिवृत्त होत आहेत आणि शाळेच्या भित्तिपत्रकासाठी तुम्हांला त्यांच्यावर लिहावयाचे आहे. एक विद्यार्थी लिहील, की पोस्टमनकाका अत्यंत कष्टाळू, प्रामाणिक आणि मनमिळाऊ असून त्यांनी ऊन, वारा, पाऊस यांची पर्वा न करता गावाची सेवा केली. यात खोटे काही नाही. पण हे वाक्य कोणत्याही गावच्या कोणत्याही पोस्टमनला चिकटविता येईल. दुसरा विद्यार्थी दोन संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसला. त्याने लिहिले : ज्यांना वाचता येत नसे त्यांना काका पत्र वाचून दाखवीत. पत्रात वाईट बातमी असली, तर ते आधी पिण्यास पाणी मागत. पाणी आणून देईपर्यंत ती बाई दारातून आत जाई, आणि मग काका तिला म्हणत, आता जरा बसा.

दुसऱ्या विद्यार्थ्याने काकांना प्रेमळ म्हटले नाही. म्हणण्याची गरजच उरली नाही.

पण येथे मला एक कबुली दिली पाहिजे. हे पोस्टमनकाका मी तुम्हांला समजावे म्हणून कल्पिलेले आहेत, आणि म्हणूनच मी आधी 'समजा' असे म्हटले. हाच मजकूर 'समजा' हा शब्द गाळून मी वर्तमानपत्रात छापला असता तर? वाचणाऱ्यांना तो तितकाच आवडला असता. कदाचित कोणी डोळेही पुसले असते. मग बिघडले कोठे?

बिघडते कोठे, ते वॉशिंग्टन शहराने १९८० साली अनुभवले. त्या वर्षी २८ सप्टेंबरला 'वॉशिंग्टन पोस्ट' या मोठ्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर एका आठ वर्षांच्या मुलाची कहाणी आली. तो लहानगा घातक मादक द्रव्याच्या आहारी गेला होता. लेख उत्तम लिहिलेला होता. त्या मुलाचे केस, त्याचे डोळे, त्याच्या बारीक हातांवरील सुईच्या खुणा, सारे काही त्यात होते. वाचून शहर हळहळले. त्या मुलाला वाचविण्यासाठी पोलिसांनी आणि शाळांनी शोध सुरू केला. दिवसांमागून दिवस गेले; मूल सापडले नाही. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्या लेखाला अमेरिकेतील मानाचे पुलित्झर पारितोषिक जाहीर झाले. तेव्हा लेखिकेने आपल्या शिक्षणाविषयी दिलेली माहिती खरी नसल्याचे प्रथम लक्षात आले. मग चौकशी झाली, आणि असा मुलगा कोठेही नव्हता, तो आपण कल्पनेने रचला, असे तिने कबूल केले. वर्तमानपत्राने पारितोषिक परत केले आणि वाचकांची क्षमा मागितली. त्या तरुण लेखिकेचे नाव येथे देण्याचे कारण नाही.

बारीक तपशील या लेखातही होते, संयमही होता. लेखनाची जी जी खूण आपण पोलार्ड यांच्या लेखात पाहिली, ती ती येथेही दाखविता येईल. वाचकाला नुसत्या वाचनाने दोहोंतील भेद कळला नसता. वाचकाने लेखकावर विश्वास टाकला होता आणि आपल्या मनातील करुणा एका मुलाच्या हवाली केली होती. ती घ्यावयास तेथे कोणीच नव्हते. आणि त्या मुलाचा शोध घेण्यात पोलिसांचे जे दिवस गेले, त्या दिवसांत खरोखरच मदतीची गरज असलेली मुले त्या शहरात असतीलच की. पुन्हा कोणी त्यांच्याविषयी लिहिले असते, तर किती वाचकांनी ते खरे मानले असते?

क्लिफ्टन पोलार्ड मात्र कोणालाही जाऊन भेटता आले असते. दुसऱ्या महायुद्धात ते सैनिक होते, ब्रह्मदेशात लढाईच्या काळात त्यांनी काम केले होते. म्हणून मृत्यूनंतर त्यांनाही आर्लिंग्टनच्या त्याच दफनभूमीत जागा मिळाली. त्यांच्या नावाचा दगड तेथे आहे.

स्वाध्याय

१. पोलार्ड यांच्या मजुरीचा आकडा लेखकाने दोनदा का सांगितला असावा? तो एकदाच, आरंभी सांगितला असता तर काय फरक पडला असता?

२. 'तुम्हांला काय वाटले?' आणि 'तेव्हा किती वाजले होते?' या दोन प्रश्नांपैकी दुसरा प्रश्न लेखकाच्या अधिक उपयोगी का पडतो? खलाशाच्या हकीकतीच्या आधारे लिहा.

३. 'माझी आजी फार मायाळू आहे' हे वाक्य 'मायाळू' हा शब्द न वापरता, घडलेल्या एका खऱ्या प्रसंगाने पटवून द्या.

४. तुमच्या शाळेच्या परिसरात रोज काम करणाऱ्या एका व्यक्तीशी तिच्या सवडीने बोला आणि वीस ओळी लिहा. लिहून झाल्यावर त्या तिला वाचून दाखवा. तिने एखादी ओळ गाळावयास सांगितली, तर ती गाळा.